दारू सोडायची तर सभा शोधा, तीही जवळची

कापसाच्या बोंडअळीवर दोन दिवसांनी लिहितो. आज दारूवर लिहायचंय, कारण सोयाबीनच्या पट्ट्या हातात पडायला लागल्यात आणि या पंधरवड्यात गावोगाव काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

आपल्याकडं दारू सोडवायचे तीन उपाय चालतात: देवापुढं शपथ, जेवणातून गुपचूप द्यायची पुडी, नाहीतर शहरातलं केंद्र. पोळ्याला घेतलेली शपथ दसऱ्याला मोडलेली मी किती वेळा बघितली. पुडीबद्दल तर स्पष्टच बोलतो. त्यात काय आहे ते देणारा सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं औषध आहे, पण ते डॉक्टर त्या माणसाला सांगून, तपासून देतात. त्यावर दारू पोटात गेली तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली येणं, जीवावरही बेतू शकतं. हे भाजीत कालवायचं काम नाही, वहिनी-मावशींनी एवढं ऐकाच.

केंद्राला माझा विरोध नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, तिथून बरी होऊन आलेली माणसं आपल्या भागातही आहेत. पण माणूस महिनाभर तिथं राहून परत येतो तो त्याच पारावर, त्याच फाट्यावर. माझा विहिरीतला वाटेकरी (त्याला विचारूनच लिहितोय) एका केंद्रातून चांगला तब्येतीनं आला होता. तुरीचे पैसे आले त्या संध्याकाळी परत सुरू. घरच्यांनी पुन्हा पैसे जमवले, दोन एकर गहाण पडलं, आणि ‘याच्यात इच्छाशक्तीच नाही’ म्हणून सगळे मोकळे झाले. इच्छाशक्ती होती हो. दर आठवड्याला जाऊन बसायला जागा नव्हती.

ती जागा म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, एएची सभा. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघंही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले, तिथून हे सुरू झालं. फी नाही. खर्चासाठी डबा फिरतो, ज्याला जमेल तो टाकतो. आडनाव, जात, किती एकर, कुणी विचारत नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा. तिथं भाषण देणारा साहेब नसतो, आपल्यासारखाच पिऊन बसलेला आणि आता न पिणारा माणूस बोलतो. सल्ल्यापेक्षा त्याचं ऐकलं जातं, हे शेतीतही तसंच आहे. कंपनीच्या माणसापेक्षा शेजाऱ्याचा प्लॉट आपण आधी बघतो.

सभा शोधायची कशी? केंद्रातून सुट्टी होतानाच विचारा, ‘आमच्या तालुक्याला पाठपुराव्याची किंवा एएची सभा कुठं, कोणत्या वारी?’ हा प्रश्न न विचारता पेशंट घरी आणू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात विचारा. सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा फोन फुकट आहे. मन फारच खचलं असेल, नको ते विचार येत असतील तर १४४१६, टेलिमानस, रात्रीही लागतो.

माझं मत असं की सभा स्वतःच्या गावात नसलेली बरी. गावात कुणाची गाडी कुठं उभी आहे यावरून गोष्टी होतात. पण शंभर किलोमीटरवरही नको, पेरणीच्या घाईत पहिली तीच सुटते. शेवटची एसटी मिळेल इतकं अंतर ठीक. जवळ नसेलच तर दोन माणसं जमली तरी गट होतो.

एक सावधगिरी. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं सभेच्या भरवशावर एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, झोप उडणं, फिट येणं, भास होणं असं होतं आणि त्यात माणूस जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग सभा.

घरच्यांसाठी अल-ॲनॉन म्हणून वेगळी सभा असते. नवरा येवो न येवो, बायकोनं जावं. वाटेकऱ्याची बायको आधी चार महिने एकटीच जात होती, तो नंतर गेला. आता त्याला चौदा महिने झाले, गहाण अजून सुटलेलं नाही.

कृषी सहायक आणि सल्लागार मंडळींना एक विनंती. फवारणीच्या हंगामात प्यायलेला माणूस पंप पाठीवर घेतो हे तुम्ही बांधावर रोज बघता. मास्क-हातमोज्यांचं सांगता तसं हे दोन नंबरही सांगा. शेतीशाळेत पाच मिनिटं द्या. फक्त चारचौघांत कुणाकडं बघून सांगू नका, तो माणूस पुन्हा बैठकीला येणार नाही.

आम्ही दर गुरुवारी साडेपाचला फाट्यावरून निघतो, गाडीत दोन जागा असतात. यायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, कुठं चाललोय ते घरी काय सांगायचं हे तुमचं तुम्ही ठरवा.