शॉक, साखळी आणि संमती

पेण, रोहा, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या आपल्या घरांत एखादा मुलगा रात्र रात्र झोपेनासा झाला, एकटाच कुणाशी तरी बोलू लागला किंवा एखादी सून महिनोन्‌महिने गप्प होऊन बसली, की पहिला शब्द निघतो तो 'असर'. मग दम केलेलं पाणी, तावीज, आमिलकडे चकरा, नाहीतर एखाद्या दर्ग्यावर लांबलचक मुक्काम. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव सगळ्यात शेवटी निघतं आणि तेव्हा दुसरी धास्ती पुढे येते: 'तिकडे शॉक देतात म्हणे.' या दोन भीतींच्या मध्ये रुग्णाच्या उमेदीची वर्षं निघून जातात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. हा आकडा सगळ्या देशाचा, सगळ्या धर्मांचा आहे. पण आपल्या मोहल्ल्याचा वाटाही त्यात आहे.

म्हणूनच मेंदूला वीज किंवा चुंबकीय लहरी देऊन मानसिक आजारांवर उपचार करण्याचं जे संशोधन आज आपल्या देशात चाललं आहे, ते तरुणांनी समजून घ्यायला हवं. बेंगळुरूच्या निमहान्स या केंद्र सरकारच्या संस्थेत डॉ. गणेशन वेंकटसुब्रमण्यन आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं या विषयावर काम करत आहेत. डॉ. गणेशन यांना २०१८ मध्ये वैद्यकशास्त्रासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांना कुणीही बोलत नसताना आवाज ऐकू येतात, आणि काहींच्या बाबतीत औषधांनीही ते थांबत नाहीत. अशा रुग्णांच्या डोक्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज ठेवतात, एक कपाळाच्या डाव्या बाजूला आणि दुसरा डाव्या कानाच्या वर-मागे. त्यातून दोन मिलिअँपिअर इतका सौम्य प्रवाह वीस मिनिटं सोडतात. दिवसातून दोनदा, असे पाच दिवस. रुग्ण जागा असतो, खुर्चीत बसलेला असतो. त्वचेला थोडी चुणचुण होते, एवढंच.

या संशोधनातली शिकण्यासारखी गोष्ट त्याची पद्धत आहे. २०१८ मध्ये या गटाने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले होते. एका गटाला खरा प्रवाह दिला. दुसऱ्याला तसेच स्पंज लावले, सुरुवातीची चुणचुणही दिली, पण मग प्रवाह बंद केला. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही नाही. एवढा खटाटोप कशासाठी? कारण माणूस आशेनेही बरा होतो, कुणी आस्थेने विचारपूस केली तरी बरा होतो, आणि काही आजार काही काळ आपोआप उतरतात. आमिलच्या तावीजचं श्रेय बरेचदा याच खात्यात जमा होतं. डॉक्टरांच्या यंत्राचं श्रेयही तिथे जाऊ शकतं. म्हणून ते आधी वजा करावं लागतं.

या चाचणीत खऱ्या प्रवाहाचा फायदा दिसला. फ्रान्समधल्या लियाँ इथे ३० रुग्णांवर झालेल्या चाचणीतही २०१२ मध्ये तो दिसला होता. पण दोन्ही चाचण्या लहान होत्या, आणि इतरत्र झालेल्या काही चाचण्यांत खऱ्या आणि लटक्या उपचारात फरक आढळला नाही. संशोधक हे लपवत नाहीत, छापतात. म्हणून इंटरनेटवर मिळणारे 'मेंदू तल्लख करणारे' पट्टे आणि घरगुती बॅटरीचे प्रयोग यांपासून दूर राहा.

चुंबकीय लहरींच्या उपचाराला जास्त मोठा आधार आहे. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला अँथनी बार्कर यांनी ही पद्धत दाखवली, आणि औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेने २००८ मध्ये तिला मान्यता दिली. मुंबई-पुण्यातल्या खासगी दवाखान्यांत ती आता मिळते. पण त्यासाठी साधारण चार ते सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस जावं लागतं. पेणच्या एखाद्या गणपती कारखान्यात किंवा रोह्याच्या एमआयडीसीत रोजंदारी करणाऱ्याने महिनाभर मुंबईच्या खेपा कशा घालायच्या? बरोबर येणाऱ्या आई-बहिणीचं काय? उपचार शोधला गेला म्हणजे तो रायगडपर्यंत पोचला असं होत नाही.

आता त्या बदनाम शॉकविषयी. १९३८ मध्ये रोममध्ये सेरलेत्ती आणि बिनी यांनी तो सुरू केला. खाणंपिणं सोडलेल्या, आत्महत्येच्या टोकाला पोचलेल्या किंवा लाकडासारख्या ताठर झालेल्या रुग्णाला तो आजही वाचवतो. काही काळाच्या आठवणी पुसट होणं हा त्याचा खरा दुष्परिणाम आहे. पण भूल न देता, रुग्णाला धरून ठेवून शॉक देण्याची पद्धतही आपल्याकडे होती, हेही खरं. लोकांची भीती हवेतून आलेली नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम ९५ याच ठिकाणी वाचायला हवं. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला त्यात मनाई आहे. त्याच कलमात आणखी एक मनाई आहे: मानसिक रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधायचं नाही. डॉक्टरची जबरदस्ती आणि घराची किंवा दर्ग्याची जबरदस्ती कायद्याने एकाच रांगेत उभी केली आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी निवासात आग लागली. साखळ्यांनी बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत आणि २८ जण मेले. त्यांना तिथे आणणारे त्यांचेच नातेवाईक होते, आणि बहुतेक प्रेमापोटीच आणलं असेल. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा ठरवला आहे.

याच्या शेजारी मुंबईची एक घटना ठेवा. मे २०२३ मध्ये जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ऑस्ट्रेलियाहून आलेल्या, दीर्घकाळ नैराश्याने ग्रासलेल्या एका महिलेच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवले. ती स्वतःहून आली होती. तरीही नव्या कायद्यानुसार मंडळाची परवानगी मिळेपर्यंत कित्येक महिने थांबावं लागलं. कलम ९६ सांगतं की रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती आणि मंडळाची मंजुरी, दोन्ही हव्यात. साखळीतल्या माणसाला मात्र कुणी काहीच विचारलं नव्हतं.

दर्ग्याशी भांडण मांडावं असं आम्ही म्हणत नाही. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यावर 'दवा-दुआ' उपक्रमात मुजावरांनाच आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं, आणि मानसोपचारतज्ज्ञ तिथेच बसू लागले. ज्याला दुआ हवी त्याने ती घ्यावी, दवा चुकवू नये. हे परकं शहाणपणही नाही. कैरोत १२८४ मध्ये उभ्या राहिलेल्या सुलतान कलावून यांच्या रुग्णालयात मानसिक रुग्णांवरही उपचार होत असत.

तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, उपचार करणारा एमडी असो की आमिल, त्याला हेच प्रश्न विचारा. आजार कोणता आहे? या उपायाने बरं होतं हे कशावरून? अपाय काय होऊ शकतो? खर्च किती? रुग्णाला विचारलं का? आणि त्याने नको म्हटलं तर थांबणार का? घरातल्या सुनेवर किंवा मुलीवर 'असर' असल्याचं ठरवताना शेवटचे दोन प्रश्न विशेष करून विचारा. आपल्या घरांत तिच्या वतीने बोलणारे पुष्कळ असतात.

अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग ही पहिली पायरी आहे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तिथे मराठीत बोलता येतं. हे दोन्ही पत्ते जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत सांगावेत, जमातीच्या फलकावर लावावेत. महिला मंडळांनी घरोघरी न्यावेत. आणि आमदारांना, जिल्हा परिषदेला विचारावं की पेण आणि रोह्याच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस बसतात. निमहान्सचं यंत्र इथवर यायला वेळ लागेल. साखळी सोडायला आणि रुग्णाला विचारायला कुठलंही यंत्र लागत नाही.