यंत्रासाठी '२१ अपेक्षित'

एसईओ मेलं, आता जीईओ आलं, असं हल्ली जो तो सांगतोय. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशनच्या जागी म्हणे जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन. कुणी त्यालाच एईओ म्हणतं, कुणी एआय-एसईओ. बारशाआधीच तीन नावं! ज्यांनी काल आमच्या सोलापूरच्या चादरवाल्यांना 'गुगलवर पहिला नंबर' विकला, तेच आज त्यांना 'चॅटजीपीटीच्या उत्तरात पहिलं नाव' विकताहेत. बिल तेवढं वाढलंय. मला हा प्रकार मुळीच पटत नाही, आणि का पटत नाही ते आज सविस्तर लिहिणार आहे. सत्तरी उलटलेल्या मराठीच्या बाईंनी यात नाक कशाला खुपसावं, असं कुणाला वाटेल. पण मंडळी, शेवटी हा लिहिण्याचाच विषय आहे, आणि पोरांना लिहायला शिकवण्यात माझं सगळं आयुष्य गेलंय.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. १९९८ साली गुगल सुरू झालं तेव्हा त्याची युक्ती साधी होती. एखाद्या पानाकडे इतर किती पानं बोट दाखवतात, आणि ती बोट दाखवणारी पानं स्वतः किती वजनाची, यावरून त्या पानाची पत ठरायची. गावातली चार शहाणी माणसं ज्याचं नाव घेतात तो माणूस बरा, असा हिशेब. हिशेब चांगला होता, पण तो लोकांना कळला आणि बोटं विकत मिळू लागली! पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'चादर चादर चादर' असं लिहून ठेवायचं, म्हणजे माणसाला दिसत नाही आणि यंत्राला दिसतं, असलेही उद्योग झाले. पानाच्या पोटात लपवलेली कीवर्डांची यादी हा तर रामबाण समजला जाई. २००९ साली गुगलनंच जाहीर केलं की क्रम लावताना ती यादी आम्ही बघतच नाही. पुढे २०११ साली 'पांडा' आणि २०१२ साली 'पेंग्विन' अशा गोंडस नावांचे बदल आले, आणि उथळ मजकूर नि विकतचे दुवे यांवर उभी असलेली कित्येक संकेतस्थळं आपटली. तरी धंदा बंद पडला नाही. तोडगे बदलले, तोडगेवाले तेच.

दहावीचा वर्ग घेतलेल्या कुठल्याही शिक्षकाला हे ओळखीचं वाटेल. '२१ अपेक्षित' घेऊन बसलेलं पोर धडा उघडतच नाही. त्याला धड्यात रस नसतो, परीक्षकाच्या मनात काय आहे यात असतो. कवितेचा अर्थ विचारला की ते सरळ सांगायचं, "बाई, हे अपेक्षितमध्ये नाहीये." बरं, ते पोर पास व्हायचं. कधीकधी चांगल्या मार्कांनी व्हायचं. म्हणून तर अपेक्षित खपतात! पण त्या पोराच्या उत्तरपत्रिकेवरून मूळ धडा शिकायची वेळ दुसऱ्या कुणावर येत नव्हती. आता नेमकी तीच वेळ आली आहे, आणि माझं भांडण तिथून सुरू होतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. ऑगस्ट २०२४ पासून आपल्याकडे गुगलसुद्धा दुव्यांच्या वर स्वतःच जुळवलेला सारांश दाखवू लागलं. पूर्वी गुगल रस्ता दाखवायचं आणि गिऱ्हाईक आपल्या पायरीपर्यंत यायचं. आता चौकातच कुणीतरी उभा राहून सांगतो, "अहो, तिथं कशाला जाता, मीच सांगतो." अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं मार्च २०२५ मधल्या तिथल्या लोकांच्या वापराच्या नोंदी तपासल्या. असा सारांश दिसला तेव्हा खालच्या दुव्यांवर १०० पैकी ८ वेळा टिचकी मारली गेली, सारांश नव्हता तेव्हा १५ वेळा. खुद्द सारांशात दिलेल्या दुव्यावर तर १०० पैकी एकदाच.

हे आकडे दाखवून दुकानदाराला घाबरवलं जातं. पण जरा थांबून विचारा, नुकसान कुणाचं? 'हुरडा कधी मिळतो', 'गड्ड्याची यात्रा कधी असते', 'शेंगा चटणी कशी करतात' असली पानं लिहून जाहिरातीवर जगणाऱ्यांचं नुकसान नक्कीच आहे. त्यांचा मालच उचलून फुकट वाटला जातोय. तो अन्याय आहे असंच मी म्हणेन. पण चादरवाल्याचं काय? यंत्र माहिती वाटू शकतं, चादर वाटू शकत नाही. ज्याला चादर हवी आहे तो शेवटी दुकानात येणार किंवा फोन करणार. लिहिणाऱ्याचं दुखणं दुकानदाराच्या गळ्यात बांधून त्यावर औषध विकायचं, असं हे चाललंय.

माझा एक जुना विद्यार्थी आहे, घरचे यंत्रमाग, चादरी-टॉवेलचं दुकान. त्याच्याकडे अशाच एका एजन्सीचा प्रस्ताव आला होता. दरमहा १८,००० रुपये. तो कागद घेऊन माझ्याकडे आला, "बाई, तुम्ही जरा वाचून बघा." वाचला. पन्नास प्रश्नोत्तरं तयार करणार, प्रत्येक उत्तराची सुरुवात चाळीस शब्दांच्या सारांशानं. यंत्रांसाठी म्हणून संकेतस्थळावर एक वेगळी फाइल ठेवणार. बाहेरच्या तीस संकेतस्थळांवर 'सोलापुरातील सर्वोत्तम चादर' म्हणून याच्या दुकानाचं नाव येईल अशी व्यवस्था करणार (व्यवस्था हा शब्द त्यांचाच). मजकुरात 'विश्वासार्ह वाटतील असे आकडे' घालणार. आणि हे सगळं मराठीत एआयकडूनच लिहून घेणार, म्हणजे खर्च कमी.

म्हणजे यंत्राला वाचायला यंत्रानं लिहायचं, आणि मधे माझ्या विद्यार्थ्यानं फक्त पैसे भरायचे!

त्या फाइलचं आधी सांगते. तिची कल्पना सप्टेंबर २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड या तंत्रज्ञानं मांडली. कल्पना वाईट नाही, पण गुगलच्या स्वतःच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की आमच्या एआय उत्तरांत दिसण्यासाठी अशी कुठलीही नवी फाइल लागत नाही आणि वेगळं ऑप्टिमायझेशनही लागत नाही. पान उघडतं का, वाचता येतं का, माणसाच्या उपयोगाचं आहे का, हेच जुने निकष. जे फुकट वाचायला मिळतं त्याच्या उलट सांगून महिन्याला पैसे घ्यायचे, याला काय म्हणावं?

आकड्यांचं प्रकरण मात्र जास्त गंभीर आहे. 'जीईओ' हा शब्द ज्या शोधनिबंधातून आला तो २०२३ सालचा. प्रिन्स्टन विद्यापीठ, आपलं आयआयटी दिल्ली वगैरे ठिकाणच्या संशोधकांचा. त्यांनी निरनिराळ्या युक्त्या करून पाहिल्या. मजकुरात संदर्भ, कुणाचे उद्गार आणि आकडेवारी घातली की एआयच्या उत्तरात तो मजकूर जास्त दिसतो, काही मोजमापांत ४० टक्क्यांपर्यंत जास्त, असं त्यांना आढळलं. तेच ते शब्द कोंबण्याचा जुना तोडगा मात्र चालला नाही. प्रयोगशाळेतलं हे निरीक्षण बाजारात आलं की त्याचं काय होतं ते त्या प्रस्तावात दिसलं. खरा आकडा असेल तर द्या, एवढं सांगून १८,००० मिळत नाहीत. मग '९७ टक्के ग्राहक समाधानी' असं ठोकून द्यायचं. कुणी मोजले, कधी, किती ग्राहक? विचारायचं नाही. यंत्राला आकडा आवडतो ना, घ्या आकडा!

दुकानदारानं गिऱ्हाइकाला थोडं वाढवून सांगणं नवं नाही. पण समोरचा माणूस चादर हातात घेतो, सूत चोळून बघतो, तोंडाकडे बघतो, निम्मं खरं मानतो. यंत्राला हात नाहीत. ते मुद्रित अक्षर खरं धरतं, दहा ठिकाणी सापडलं की जास्तच खरं धरतं, आणि मग गंभीर आवाजात सगळ्यांना सांगतं. मे २०२४ मध्ये गुगलच्या सारांशानं पिझ्झ्यावरचं चीज चिकटून राहावं म्हणून गोंद घालायचा सल्ला दिला होता. कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी केलेली थट्टा त्यानं खरी मानली होती. जग हसलं, कारण गोंद खायचा नसतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण सोलापुरी चादरीचं सूत कुठलं, बनावट कशी ओळखायची, हे मुंबईच्या गिऱ्हाइकाला कुठं माहीत आहे? तिथं कुणी हसणार नाही.

आणि ही गोष्ट मराठीत जास्त महाग पडणार. इंग्रजीत एका खोट्या पानाला खोडणारी शंभर खरी पानं असतात. मराठीत एकेका विषयावर पानंच मोजकी. विकिपीडियाचंच बघा, इंग्रजीत लेख सत्तर लाखांच्या वर, मराठीत लाखाच्या आसपास. एवढ्याशा अंगणात कुणी पन्नास-पन्नास प्रश्नोत्तरं यंत्राकडून छापून टाकू लागलं, तर उद्याचं यंत्र मराठी शिकणार ते याच मजकुरावरून. 'उत्कृष्ट गुणवत्तेचा अनुभव प्रदान करते' हीच मग मराठी ठरेल. वर्गात असं वाक्य लिहिणाऱ्याची वही मी परत द्यायची.

यावर कुणी म्हणेल, बाई जुन्या वळणाच्या, यांना काहीच नको. तसं नाही हो. यंत्राला आपलं लिखाण वाचता आलंच पाहिजे या मताची मी आहे, आणि ते मराठीनं एकदा सोसलंही आहे. २००० सालच्या आसपास मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं ज्याच्या त्याच्या फाँटात असायची. फाँट उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसती गिचमीड, आणि शोधयंत्राच्या दृष्टीनं तर ते मराठी नव्हतंच. युनिकोड रुळलं, मनोगत (२००४), मिसळपाव (२००७) अशा ठिकाणी लोक सरळ देवनागरीत टंकू लागले, तेव्हा कुठे मराठी शब्द टाकून मराठी पान सापडायला लागलं. मराठीचं त्याहून मोठं ऑप्टिमायझेशन झालेलं नाही, आणि त्यासाठी कुणी एजन्सी लावली नव्हती.

गंमत म्हणजे इतकं होऊन आपण पुन्हा तिथेच गेलोय. माझ्या विद्यार्थ्याचं संकेतस्थळ उघडलं तर भाव, मापं, पत्ता, सगळं रंगीत चित्रांच्या आत. व्हॉट्सअपवर फिरवलेली दिवाळीची जाहिरात तशीच चिकटवलेली. यंत्रांना हल्ली चित्रातली अक्षरं वाचता येतात म्हणा, पण प्रत्येक चित्र उघडून वाचत बसतील याचा काय भरवसा? दुकानाचं नावही तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलेलं. मी म्हटलं, "अरे, आधी हे सरळ अक्षरांत लिही. नाव सगळीकडे एकच ठेव. हे करायला १८,००० कशाला, एक रविवार पुरे."

"आणि पुढं काय लिहू बाई?"

जे फक्त तुलाच माहीत आहे ते लिही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना २००५-०६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे दहा ठिकाणी लिहिलेलं आहे. तुझ्या मागावरची चादर किती लांब, किती रुंद, वजन किती, ताण्याला कुठलं सूत, बाण्याला कुठलं, जकार्डवर नक्षी उठते म्हणजे नेमकं काय होतं, पहिल्या धुण्याला रंग जातो का, हे कुणी लिहिलंय? बाहेरगावी झालेला माल 'सोलापुरी' म्हणून खपवला जातो अशी ओरड आपण इतकी वर्षं करतोय. मग खरा माल हातात घेतल्यावर कसा लागतो, उलटी बाजू कशी दिसते, हे चार वाक्यांत सांगायला काय हरकत? मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून तुझी नोंद असेल तर क्रमांक दे, नसेल तर गप्प राहा. घरी तेलुगू बोलता, तर तेलुगूतही लिहा. आणि कधी लिहिलं ती तारीख टाक, कारण भाव बदलतात.

तो म्हणाला, "बाई, हे तर आजोबांना विचारावं लागेल." विचार की! चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली हे यंत्राला कुठूनही कळेल. पण या शहरातल्या मागांबद्दल, सुताबद्दल, रंगाईबद्दल जे म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे ते कुठल्याच यंत्राला कळणार नाही, कारण ते कुठं लिहिलेलंच नाही.

आता शेवटची हरकत, आणि ती खरी आहे. शेजारचा दुकानदार खोटे आकडे घालून वर दिसला, तर आपण काय सत्य चाटत बसायचं? पोटाचा प्रश्न आहे, त्याला मी हसणार नाही. काही दिवस तो वर दिसेलही. पण पांडा आणि पेंग्विन आले तेव्हा काय झालं ते आठवा. मार्च २०२४ मध्येही गुगलनं, केवळ क्रम वर नेण्यासाठी ढिगानं पाडलेल्या मजकुराविरुद्ध नियम आणलेच आहेत, मग तो माणसानं पाडलेला असो की यंत्रानं.

तरीही ज्यांना एजन्सी लावायचीच आहे त्यांनी सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, नेमक्या कुठल्या प्रश्नाला, कुठल्या यंत्रात आमचं नाव येईल? तोच प्रश्न दोन माणसांनी विचारला तर ही यंत्रं दोन वेगळी उत्तरं देतात, म्हणून तुम्ही किती वेळा, कुठल्या तारखांना विचारून पाहणार, हेही त्यात आलं. दुसरी, आमच्या नावानं बाहेर जे जे छापाल ते आधी आम्हाला वाचायला द्याल का? आणि तिसरी, तुम्ही घातलेला आकडा खोटा निघाला तर जबाब कुणी द्यायचा? माझ्या विद्यार्थ्यानं हे तीन प्रश्न त्यांना पाठवून तीन आठवडे झाले. अजून उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाला मिळालं असेल तर मला जरूर कळवा.