नळी तिरकी करून दाखवा

शिराळा तालुक्यात पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, माणूस दवाखान्यात आला की त्याच्यामागून निम्मी वाडी येते. भांगलणीचा चिखल पायाला तसाच असतो. डॉक्टर तपासून पुढच्या पेशंटकडे वळतात आणि सगळे प्रश्न सिस्टरवर येतात. "जगंल न्हवं ह्यो?" "इंजेक्शन का देत न्हाई?" "गाडी कराडला काढू का?" सरकारी दवाखान्यात उमेदीची सगळी वर्षं घालवलेली परिचारिका म्हणून मी सांगते, "डॉक्टरांना विचारा" हे या प्रश्नांचं उत्तर नव्हे.

कारण तेव्हाच तपासणी चालू असते. साधारण 2 मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर घोणशीचं किंवा फुरशाचं विष भिनलंय असं धरून चालायचं. नातेवाइकांना मात्र दिसतं ते एवढंच, की नळी टेबलावर पडून आहे आणि कुणी काही करत नाही. याच वेळात पेशंट उचलून मांत्रिकाकडे नेतात. मी ती नळी त्यांच्यासमोरच तिरकी करायची. "बघा, पाण्यासारखं वाहतंय. म्हणून औषध चालू करतोय. आठ-दहा बाटल्या लागतील, घाबरू नका. लहान पोरालाही एवढ्याच लागतात. औषध वजन बघून नाही, विष मारायला देतात." मग पेशंट हलवायची भाषा बहुतेक वेळा थांबायची.

बत्तीस शिराळ्याच्या माणसाला नाग ओळखायला शिकवावं लागत नाही. तरी साप मारून पिशवीत आणायचं कारण नाही, आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालतं. धामण चावली तर ते देत नाहीत, कारण त्या औषधानंच कधी अंगावर गांधी उठतात, कधी रक्तदाब कोसळतो. हे सांगितलं नाही तर 'गरिबाला औषध दिलं नाही' असं गावभर होतं.

मण्यारीचं फार जपावं लागतं. रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते. अनेकदा खूण नाही, दुखणं नाही, नळीतलं रक्तही गोठतं. घरचे म्हणतात, नेतो घरी. तिथं पेशंटच्या बायकोला जवळ बसवून सांगावं: पापण्या मिटायला लागल्या, थुंकी गिळता येईना, की लगेच हाक मारा, 24 तास इथून हलायचं नाही.

'जगंल का' याला मी कधी खोटा दिलासा दिला नाही. श्वास बरा आहे, औषध गेलंय, सहा तासांनी परत रक्त बघू, एवढंच सांगायची. निदान डॉक्टरांचंच, पण काय चाललंय आणि का, हे सांगायचा अधिकार सिस्टरला हवा.

सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणायचा राष्ट्रीय आराखडा केंद्रानं मार्च 2024 मध्ये जाहीर केला. त्याखाली जे प्रशिक्षण होईल त्यात डोसाइतकाच वेळ नातेवाइकांच्या या प्रश्नांना द्यावा. आणि पावसाळ्यात रात्रपाळीला दुसरी सिस्टर द्यावी. एकटी सलाईन सांभाळेल, रिअ‍ॅक्शनवर डोळा ठेवेल, की व्हरांड्यातल्या माणसांशी बोलेल?