सभासद की गिऱ्हाईक?

उपनगरांतील क्रीडासंस्थांची वार्षिक बिले सभासदांच्या हाती पडली की पहिली नजर वर्गणीच्या आकड्याकडे जाते. तो बहुधा जुनाच असतो. वाढ होते ती त्याखालच्या ओळींत: देखभाल निधी, नूतनीकरण निधी, आणि या सर्वांवर कडी म्हणजे उपाहारगृहाची सक्तीची कुपने. मुलाला बॅडमिंटनसाठी घेऊन येणाऱ्या गृहस्थाने तेथे काही खाल्ले नाही तरी ठरावीक रकमेचे पदार्थ त्याने खाल्लेच आहेत, असे गृहीत धरले जाते. मुदत संपली की कुपन बाद. महिन्याला 500 रुपयांचे बंधन असेल तर वर्षाला 6,000 रुपये होतात. निश्चित पगारावर घर चालविणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला हा आकडा किरकोळ वाटणे शक्य नाही.

यावर 'परवडत नसेल तर सभासदत्व सोडा' असे ठरीव उत्तर मिळते. हे उत्तर दुकानदाराचे आहे. क्लब हे दुकान नव्हे; सभासदांनी वर्गणी जमवून स्वतःसाठी चालविलेली ती संस्था असते. कायद्यानेही हे नाते मानले. क्लब व त्याचे सभासद हे परस्परांहून भिन्न नाहीत, स्वतःच स्वतःला काही विकता येत नाही, या तत्त्वाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये कलकत्ता क्लबच्या प्रकरणात सभासदांना दिलेल्या सेवेवरील जुना सेवाकर व विक्रीकर अमान्य केला. सरकारला हे मानवले नाही. 2021 च्या वित्त कायद्याने, थेट 1 जुलै 2017 पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने, क्लब आणि सभासद या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत असे मानावे, अशी तरतूद वस्तू व सेवा कराच्या कायद्यात घालण्यात आली. वर्गणीवर 18 टक्के कर भरणाऱ्यांना त्यामागील वाद क्वचितच ठाऊक असतो. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरविली.

सरकारच्या या युक्तिवादाविरुद्ध क्लबांचे पदाधिकारी न्यायालयात हिरिरीने सांगतात की, सभासद हेच मालक आहेत. मात्र कुपनांची सक्ती करताना त्याच मालकांना ते गिऱ्हाईक समजतात! उपाहारगृहाचा ठेका तोट्यात जाऊ नये म्हणून न खाणाऱ्यांनी पैसे भरावेत, असा त्या सक्तीचा अर्थ आहे. तरणतलावाची दुरुस्ती, पाणी, वीज, पहारेकरी यांचा खर्च वाढतो हे खरेच. त्यासाठी वर्गणी उघडपणे वाढवावी, हिशेब मांडावा. तसे करण्यास सर्वसाधारण सभेची संमती लागते, आणि सभेत प्रश्न विचारले जातात. आडमार्गाने आकारलेल्या रकमेला ती अडचण येत नाही.

निदान गोरेगावात तरी प्रश्न विचारणाऱ्यांची वाण पडू नये. 1961 साली मृणाल गोरे महापालिकेवर निवडून गेल्या, आणि पाण्यासाठी त्यांनी दिलेल्या लढ्यामुळे 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना मिळाले. हंडे घेऊन रस्त्यावर आलेल्या गृहिणींनी महापालिकेकडे हिशेब मागितला होता. 1972 साली येथे 'प्रबोधन' स्थापन झाली तीही खेळाची संधी सामान्य घरांतील मुलांना मिळावी याच ओढीने. त्याच उपनगरांतील सुशिक्षित सभासद आज बिलावरील अनोळखी ओळ पाहून कुरकुरतात आणि दंड लागू नये म्हणून मुदतीपूर्वी रक्कम भरून मोकळे होतात.

नियमावलीची प्रत मागणे, निधी कोणत्या ठरावाने सुरू झाला व कोठे खर्च झाला हे लेखी विचारणे, आणि संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असल्यास धर्मादाय आयुक्तांकडे जाणे, हे मार्ग उपलब्ध आहेत. ते वापरण्यासाठी आधी वार्षिक सभेला जावे लागते. तेथे पुष्कळदा असे घडते की, गणसंख्येअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते, पुन्हा भरते, आणि मोजक्या उपस्थितांच्या समोर लेखापरीक्षकांचा अहवाल 'वाचला असे समजून' मंजूर होतो. मग चहा येतो. तेवढा मात्र त्या दिवशी विनामूल्य असतो.