साचा उचला, छाप खोडू नका

दुकानात वायफायचा डबा बसवला की गल्ल्यावरच्या संगणकाला तारेविना इंटरनेट मिळते. पण त्यासाठी संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमला आतल्या वायरलेस चिपची भाषा कळावी लागते. ती समजावणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. चिप बनवणाऱ्या कित्येक कंपन्या आपल्या मालाची आतली माहिती बाहेर देत नाहीत, त्यामुळे असा ड्रायव्हर नव्याने लिहिणे म्हणजे महिनोन्‌महिन्यांची डोकेफोड. एकाने ती मेहनत करून कोड सर्वांसाठी खुला ठेवला असेल, तर दुसऱ्याने तो घेण्यात कमीपणा कसला? हायकू नावाची एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिच्या मोजक्या कार्यकर्त्यांनी फ्रीबीएसडी या दुसऱ्या सिस्टिमचे ड्रायव्हर चालतील असा मधला थर तेवढा लिहिला आणि वायफाय मिळवले. पुढे इंटेलच्या काही चिपांसाठी ओपनबीएसडीचे ड्रायव्हरही घेतले. प्रत्येक सोनार आधी स्वतःची हातोडी घडवत बसला, तर दागिना कधी व्हायचा?

मात्र खुला माल म्हणजे बेवारस माल नव्हे. आपल्याकडे संगणकाच्या धंद्यातले लोक नेमकी इथेच गल्लत करतात. बीएसडी वळणाचा परवाना एवढेच मागतो की मूळ कर्त्याचे नाव आणि परवान्याचा मजकूर राहू द्या. मग माल खुशाल विका. लिनक्सचा जीपीएल परवाना अधिक कडक आहे. माल पुढे विकलात तर त्याचा सोर्स कोडही गिऱ्हाइकाला मिळाला पाहिजे.

२००७ साली याच कारणावरून दोनदा भांडण झाले. एप्रिलमध्ये ओपनबीएसडीत ब्रॉडकॉमच्या चिपसाठी तयार होत असलेल्या ड्रायव्हरमध्ये लिनक्सकडचा जीपीएल कोड आढळला आणि तो ड्रायव्हर काढून टाकावा लागला. ऑगस्टमध्ये नेमके उलटे घडले. रेक फ्लोटर यांनी अ‍ॅथेरॉस चिपचे अंतरंग उलगडून ओपनबीएसडीसाठी कोड लिहिला होता. तो लिनक्समध्ये घेताना त्यांचा परवाना काढून जीपीएल लावण्याचा प्रस्ताव पुढे आला. ओपनबीएसडीचे थिओ द रॅट यांनी उघड आक्षेप घेतला. प्रकरण वकिलांच्या सल्ल्यापर्यंत गेले. माझ्या मते दोन्ही वेळा लबाडीपेक्षा घाई जास्त होती. पण ज्याचे कष्ट होते, त्याने तुमच्या घाईचे काय करायचे?

ही प्रोग्रामरांची आपसातली कुरबूर समजून व्यापाऱ्याने हात झटकू नयेत. लिंकसिसच्या वायफाय राउटरमध्ये लिनक्स होते. ती कंपनी २००३ मध्ये सिस्कोने घेतली आणि तिच्याबरोबर सोर्स कोड देण्याची जबाबदारीही आली. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला. २००९ मध्ये तडजोड झाली, तेव्हा सिस्कोला फाउंडेशनला देणगीही द्यावी लागली. तेव्हा दुकानाचा प्रोग्राम किंवा स्वतःच्या नावाने विकायचे उपकरण कोणाकडून करून घेत असाल, तर पैसे चुकते करण्याआधी त्याच्याकडून लेखी यादी घ्या: आत कोणाचा कोड आहे आणि कोणत्या परवान्याने आला आहे. टाळाटाळ करणाऱ्याला दुसरे गिऱ्हाईक शोधू द्या.

अ‍ॅथेरॉसचा तो ड्रायव्हर २००८ मध्ये लिनक्समध्ये दाखल झाला. त्यातल्या फायलींच्या माथ्यावर फ्लोटर यांचे नाव आहे, आणि खाली त्यांचा मूळ परवानाही.