तळाचा नकाशा आम्हालाही दाखवा



दोन वर्षांपूर्वी आपल्या तलावात एक यंत्राची होडी दोन दिवस फिरली. तळाचा नकाशा काढतोय म्हणाले. आपली पोरं सोबत बसली. कुठे विहीर बुडाली, कुठे बांध, कुठे बाभळीचे खुंट, सगळं दाखवलं. नकाशा झाला म्हणतात. आपल्याला तो अजून दिसला नाही. कुणाचं नाव घेत नाही, पण बोलायला तर पाहिजे.

ते यंत्र म्हणजे सोनार. पाण्यात आवाज सोडायचा, तो तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, म्हणजे 15 मीटर खोलीवरून 0.02 सेकंदात परत. कॅमेरा आपल्याकडे काय कामाचा! काळ्या मातीचं पाणी, पावसाळ्यात कोपरापर्यंत हात घातला तर बोटं दिसत नाहीत. आवाजाला गढूळपणाची तेवढी अडचण नाही.

गोव्यात दोना पावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था समुद्राचा तळ असाच बघते. तळावरच्या वाळूच्या वळ्यांवरून खालचा प्रवाह कुठे जातो तेही कळतं. मांजरा उतरल्यावर वाळूवर बघा: पाणी आलं त्या बाजूला लांब चढ, पुढे एकदम उतार. तेच गणित.

आपल्याला याचं काय? कारंजा असो की बेन्नेतोरा, पहिल्या पुराचं गढूळ पाणी जड असतं. वर सगळं संथ दिसतं आणि ते खालून, जुन्या नदीपात्रातून भिंतीकडे सरकू शकतं. तळाला लावलेलं जाळं चिखलाने भरतं, ओढलं की खुंटाला अडकून फाटतं. जुनं पात्र नेमकं कुठे, हे कळलं तर जाळं बाजूला लावता येईल.

काही जण म्हणतील, आपल्या म्हाताऱ्यांना बांबू टाकून तळ कळतो. कळतो, खरं आहे. पण गाळ थांबत नाही. तुंगभद्रेत 1953 साली सुमारे 133 टीएमसी पाणी मावत होतं, आता 105 च्या आसपास. बापाने सांगितलेली खोली आज तशीच असेल कशावरून?

आमचं म्हणणं एवढंच. जो कोणी तळ मोजेल त्याने नकाशाची एक प्रत सोसायटीच्या भिंतीवर लावावी, कन्नड आणि मराठीत. आमच्या पोरांनी वाट दाखवली, तर नकाशा बघायचा हक्कही आमचा आहे.

पुढच्या बैठकीत ठराव मांडतोय. येताना ज्याचं जाळं जिथे अडकलं ती जागा मोबाईलवर लोकेशन टाकून आणा.