ईएसपीपीचे शेअर विकताना : एकाच रकमेवर दोनदा कर नको

पुण्यातील अमेरिकी कंपन्यांत काम करणाऱ्या अनेक तरुणांच्या पगारातून दरमहा ठरावीक रक्कम कापली जाते आणि बहुधा सहा महिन्यांनी तिच्यातून मूळ कंपनीचे शेअर सवलतीच्या दराने घेतले जातात. पुष्कळ योजनांत ही सवलत १५ टक्के असते. या योजनेस एम्प्लॉयी स्टॉक पर्चेस प्लॅन, म्हणजेच ईएसपीपी, म्हणतात. खरेदी सोपी असते; गोंधळ होतो तो विक्रीनंतर विवरणपत्र भरताना.

येथे कराचे दोन टप्पे आहेत. खरेदीच्या दिवशीचा बाजारभाव आणि आपण दिलेली किंमत यांतील फरक हा पगाराचाच भाग मानला जातो. तो फॉर्म १६ मध्ये येतो व त्यावरील कर कंपनी कापून घेते. पुढे शेअर विकल्यावर होणारा लाभ हा भांडवली नफा. तो मोजताना खरेदीमूल्य म्हणून आपण दिलेली किंमत धरावयाची नसून, पगारात करासाठी धरलेला बाजारभाव धरावयाचा असतो.

एक उदाहरण पाहू. बाजारभाव ८,००० रुपये असताना १०० शेअर ६,८०० रुपये दराने मिळाले. १,२०,००० रुपयांचा फरक पगारात धरला गेला. वर्षभराने ते ८,५०० रुपयांस विकले. खरा भांडवली नफा ५०,००० रुपये. परंतु परदेशी ब्रोकरच्या पत्रकात अनेकदा प्रत्यक्ष दिलेली किंमतच असते. तोच आकडा उतरवला, तर नफा १,७०,००० दिसतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीस उपकरासह ३७,४४० रुपये नाहक भरावे लागतात.

परदेशी बाजारातील शेअर २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नफा दीर्घकालीन ठरतो. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर त्यास १२.५ टक्के दर आहे. त्याआधी विकल्यास नेहमीच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. भारतीय बाजारातील शेअरांना मिळणारी सव्वा लाखाची सूट येथे नाही. विक्रीची डॉलरमधील रक्कम रुपयांत आणताना, विक्रीच्या आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बायिंग दर घ्यावा.

आणखी एक दक्षता. भारतात निवासी व सामान्यतः निवासी असणाऱ्याने हे शेअर शेड्यूल एफएमध्ये दाखविणे बंधनकारक आहे. त्याचा हिशेब जानेवारी ते डिसेंबर असा असतो. वर्षात विकून टाकलेले शेअरही त्यात येतात. त्यामुळे आयटीआर-१ चालत नाही. माहिती दडविल्यास काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्यान्वये दहा लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेस या दंडातून सवलत मिळाली आहे. माहिती देण्यातून नव्हे.

प्रत्येक खरेदीची पावती, त्या महिन्याची पगारचिठ्ठी आणि फॉर्म १६ एकाच फाइलमध्ये ठेवावेत. नोकरी बदलली की जुन्या कंपनीचे संकेतस्थळ बंद होते. म्हणून ही कागदपत्रे निरोप घेण्यापूर्वीच उतरवून घ्यावीत.